मनकर्णाची आभाळी सर्व्हिस

भिंगारच्या टपाल कचेरीत रजिस्टर पत्रांच्या खिडकीशी मनकर्णा साळवे बसते. तिशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, खांदे मात्र रुंद. पत्त्यावरचा पिनकोड वाचता वाचता तिची नजर मधेच बाहेर जाते आणि दोन-तीन क्षण ती तिथं नसतेच. रांगेतली माणसं चुळबुळ करतात. मग ती परत येते, शिक्का उमटतो, पावती बाहेर सरकते. मी पेन्शनीतला माणूस, मला कसलीच घाई नसते. एकदा विचारलं, "बाहेर काय बघता हो एवढं?"

ती लाजली. "वारं बघते, काका. सवय आहे."

वारं बघायची सवय असलेलं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मग मी विचारत गेलो आणि ती थोडं थोडं सांगत गेली, कधी खिडकीशी, कधी समोरच्या चहाच्या गाडीवर. पुढं एकदा तिच्या गावीही जाऊन आलो. ही बाई बीच व्हॉलीबॉलमध्ये तीनदा देशात पहिली आलेली आहे, हे आमच्या भिंगारमध्ये फार तर दहा जणांना माहीत असेल.

तिचं गाव बोरखडी. शेवगावच्या पुढं, जायकवाडीच्या फुगवट्याला लागून. धरण भरलं की पाणी गावाच्या शेवटच्या घरांपर्यंत येतं, आणि होळीनंतर ते रोज थोडं थोडं मागं सरकायला लागतं. मे महिन्यात गाव आणि पाणी यांच्यामध्ये मैलभर जमीन उघडी पडते. आधी काळा गाळ, मग भेगाळलेली माती, आणि अगदी पलीकडं, धरण होण्याआधी जिथून गोदावरी वाहायची तिथं, पांढुरकी वाळू. वर्षातले तीन महिने ती दिसते, बाकीचे महिने पाण्याखाली असते. लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात आणि उथळ पाण्यात तासन् तास उभे राहतात.

मनकर्णाचे वडील भीमा साळवे गवंडीकाम करायचे. आई विमलबाई उन्हाळ्यात पाणी हटलेल्या गाळात कलिंगडं लावायची. दुपारची भाकरी आईपर्यंत पोचवायचं काम मनकर्णाचं. गाळाकडं जायला वाळूचा पट्टा ओलांडावा लागे. वाळू अशी तापलेली असायची की चपलेच्या कडेनं आत येऊन पाय भाजायचे, म्हणून ती पळायची. समोर उन्हाच्या झळा नाचत असायच्या. झळांमध्ये आई जमिनीपासून हातभर वर तरंगताना दिसायची, कधी उलटी, कधी दोन-दोन. मनकर्णाला ते खरंच वाटायचं. आई दुपारी उडते आणि मी जवळ गेले की खाली उतरते, असं तिनं पहिलीत असताना बाईंना सांगितलं होतं. बाई हसल्या नाहीत. "उतरते ना पण? मग बरं," एवढंच म्हणाल्या.

गावच्या हायस्कुलात रामहरी नजन नावाचे खेळाचे सर होते. शाळेचं मैदान मुरमाचं. व्हॉलीबॉल खेळताना मुली पडल्या की गुडघे सोलून निघायचे, आणि आठवडाभर घरचे त्यांना खेळायला पाठवायचे नाहीत. एका उन्हाळ्यात सरांनी जाळी मोटारसायकलला बांधली आणि सरळ वाळूवर नेली. खांब रोवायला भीमाला बोलावलं. भीमानं दोन निलगिरीचे वासे खोल पुरले, खिशातून ओळंबा काढला आणि भिंत बांधताना बघावं तसं एक डोळा मिटून दोन्ही खांब सरळ करून घेतले.

"एवढं कशाला, भीमा? वाळूच हाय ती," सर म्हणाले.

"वाळू असली म्हनून काय झालं? वाकडं मला बघवत न्हाई," भीमा म्हणाला.

पहिल्या दिवशी सगळ्याच मुलींची फजिती झाली. वाळूत पाय रुततात, उडी मारायला जावं तर गुडघ्यातला सगळा जोर वाळूच पिऊन टाकते. एकटी मनकर्णा फरशीवरून पळावं तशी पळत होती. उडायची तेव्हा पायाखाली वाळू आहे हे तिच्या पायांना जणू कुणी सांगितलंच नव्हतं. फक्त तिचं लक्ष ठिकाणावर नसायचं. चेंडू दुसऱ्या बाजूला असला की ही पक्ष्यांकडं बघत उभी.

सर आता रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते जवळ आले आणि हळू म्हणाले, "चेंडू येईपर्यंत कुठं बी जा. चेंडू निघाला की हितं ये. जमंल?"

"जमंल," ती म्हणाली. आणि तिला ते जमलं. पुढं सगळं आयुष्य ती तशीच खेळली.

आभाळी सर्व्हिस तिची तिनंच शोधून काढली. सर्व्हिस वरून, जोरात मारायची असते. तिला एकदा वाटलं, चेंडू जितका वर जाईल तितका पाठवून बघावा. ती जाळीला पाठ करून उभी राहिली, हात खाली नेला आणि मूठ अशी काही वर आणली की चेंडू सरळ आभाळात गेला. तो लहान होत होत बोराएवढा झाला, मग उन्हात दिसेनासा झाला. पलीकडच्या मुली तोंड वर करून डोळे चोळत राहिल्या. वरच्या वाऱ्यानं तो थोडासा ढकलला, आणि खाली आला तो त्या मुलींच्या बरोबर मधोमध. थप्प आवाज झाला. कुणी हललंसुद्धा नव्हतं.

"हे नियमात बसतं का, सर?" एकीनं विचारलं.

सरांनी डोकं खाजवलं. "बसत नसंल तर मला म्हाईत न्हाई. पन बसायला पाहिजे."

दहावीच्या वर्षी सरांनी तिला नगरला निवड चाचणीला नेलं. तिथं सहा-सहा जणींचा खेळ, सिमेंटचं मैदान आणि तिच्याहून वीतभर उंच मुली. तिची निवड झाली नाही. ती पायरीवर बसून बूट सोडत होती. ते बूटसुद्धा मैत्रिणीचे होते. तेवढ्यात निवड समितीतल्या भारती मॅडम शेजारी येऊन बसल्या. मॅडम स्वतः विद्यापीठाकडून खेळलेल्या, बोलायला तुटक.

"तू सरावाला कुठं जातेस?"

"वाळूत, मॅडम."

"वाटलंच. पडताना तू हात टेकत नाहीस. सिमेंटवर शिकलेलं पोर असं पडत नाही." त्यांनी तिचा सुटलेला बूट उचलून बाजूला ठेवला. "वाळूवरचा वेगळा खेळ असतो, माहीत आहे? एका बाजूला दोघीच. बदली खेळाडू नाही, मैदानात कोच नाही. जे काय करायचं ते दोघींनी."

मनकर्णाला ते स्वप्नातलं वाटलं. एवढी मोठी वाळू आणि फक्त दोघी.

दुसरी मॅडमनींच शोधली. दिशा परदेशी, भिंगारची. तिचे वडील लष्कराच्या भटारखान्यात नोकरीला. जवानांच्या मैदानावर ती त्यांच्या बरोबरीनं खेळलेली. पावणेसहा फूट उंच, आवाज खणखणीत, राग नाकावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती करंजीचा घाट उतरून एसटीनं बोरखडीला आली. खांद्यावर बॅग घेऊन त्या वाळूवर उभी राहिली, चारी दिशांना बघितलं आणि म्हणाली, "अगं, इथं तर काहीच नाही!"

"हाय की," मनकर्णा म्हणाली.

"काय आहे?"

मनकर्णानं पाण्याकडं बोट केलं. दुपार कलत होती. पाण्यावर एक गडद पट्टा उमटून त्यांच्याकडं सरकत येत होता. "ते बघ, वारं निघालं. आपल्यापर्यंत यायला अजून वीस आकडे मोजायचे." दिशानं मोजले. अठराव्याला जाळी हलली.

त्या दिवसापासून दिशा 'इथं काही नाही' असं पुन्हा म्हणाली नाही.

ती साळव्यांच्या घरी दोन महिने राहिली. पुढची चार वर्षं दर उन्हाळ्यात येत राहिली. विमलबाईच्या हातची बाजरीची भाकरी आणि वाळवलेल्या मासळीचं कालवण यांवर तिची उंची अजून दोन बोटं वाढली, असं विमलबाई अजून सांगते. दिशा जाळीशी उभी राहायची, मनकर्णा मागं. दिशा बोलत राहायची, मनकर्णा ऐकत राहायची. हरल्यावर दिशा चेंडूला लाथ मारायची आणि मनकर्णा तो आणायला जायची. आणायला गेली की पाण्याकाठीच रेंगाळायची, आणि तोवर दिशाचा राग निवायचा. दोघींचं असं जमलं.

पहिल्या मोठ्या स्पर्धेला त्या पूर्व किनाऱ्यावर गेल्या. दोन दिवसांच्या रेल्वेनं दोघी आंबून गेल्या होत्या. सकाळी झाडांच्या रांगेपलीकडून समुद्र एकदम समोर आला. दिशा ओरडली. मनकर्णानं चपला काढून हातात घेतल्या. खूप वेळ बघून म्हणाली, "ह्याला पलीकडचा काठ न्हाई."

"नसतोच," दिशा म्हणाली.

"मग वारं कुठून निघालं ते कळनार कसं?"

ती शंका बरोबर निघाली. फुगवट्याच्या शांत पाण्यावर वारं दिसायचं. इथं सगळं पाणीच हलत होतं. त्यात लाटांचा आवाज एवढा, की दिशाची हाक मनकर्णापर्यंत पोचेना. दोघी एकाच चेंडूवर धावल्या, मग दोघींनीही सोडला. पहिल्याच सामन्यात हरून त्या बाहेर पडल्या. दिशानं चेंडू समुद्रात मारला. या वेळी तो आणायला दोघींना जावं लागलं, आणि कपड्यांसकट भिजून दोघी हसत सुटल्या.

पुढच्या वर्षी त्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. मनकर्णानं तोवर वेगळी युक्ती काढली होती. ती समुद्राकडं बघायचीच नाही. प्रेक्षकांच्या छत्र्या, पंचांच्या टोपीची दोरी, दिशाच्या वेणीची सुटलेली बट, यांवरून वारं वाचायची. आणि दिशा पाठीमागं हात नेऊन बोटांच्या खुणा करायची. एक बोट, दोन बोटं, बंद मूठ. आवाजाची गरजच संपली.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामना. पहिला डाव त्यांनी घेतला, दुसरा गेला. तिसरा डाव पंधरा गुणांचा. तेरा-तेरा झाले तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता आणि सर्व्हिस मनकर्णाची होती. दोघींच्या कोच म्हणून आलेल्या भारती मॅडम दोरीच्या बाहेर उभ्या होत्या. त्यांना बोलायला परवानगी नव्हती.

दिशानं मागं वळून बघितलं. मनकर्णा जाळीला पाठ करून उभी होती. "मने, नको," दिशा ओठांनीच म्हणाली. एवढ्या वाऱ्यात चेंडू कुठं जाईल याचा काय भरवसा!

मनकर्णा मला म्हणाली, "काका, तेव्हा मला काहीच ऐकू येत नव्हतं. समुद्रही नाही. आमच्या गावची दुपार असती ना, तसं झालं एकदम."

चेंडू वर गेला. लहान झाला, उन्हात बुडाला. पलीकडच्या दोघींनी हात कपाळावर नेले. सगळं मैदान वर बघत होतं. चेंडू आला तो मागच्या रेषेच्या कोपऱ्यात, इतका कडेला की रेषेची पट्टी उचकटली. चौदा. तिनं पुन्हा पाठ केली. या वेळी एकीनं तो उचलला, पण तिचे हात वाकडे लागले आणि चेंडू प्रेक्षकांत गेला. पंधरा.

दिशानं तिला उचलून गरगर फिरवलं. मनकर्णाला आठवतं ते एवढंच, की समुद्र, छत्र्या आणि आभाळ तिच्याभोवती फिरत होतं आणि तिला उतरायचं नव्हतं.

बोरखडीत टेम्पोवर बसवून मिरवणूक निघाली. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात दोनदा 'समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेत' म्हणाले. रामहरी सरांनी दोन्ही वेळा उठून दुरुस्ती केली. पण चार दिवसांनी गावातल्या मोबाईलांवर सामन्याचा फोटो फिरला. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा सदरा, वाळूनं माखलेल्या दोघी. पारावर कुजबुज झाली. एक जण घरापर्यंत आला. "भीमा, पोरगी खेळती ते चांगलंच हाय. पन कपडे जरा..."

भीमा चौकटीला गिलावा करत होता. त्यानं थापी थांबवली नाही. "गिलावा करताना मी कोट घालतो का?"

"तसं न्हाई—"

"कामाला जे लागतं ते अंगावर असतं. तिचं ते काम हाय." मग त्यानं ओला हात पुसून त्याच्याकडून मोबाईल घेतला, फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यो मोठा करून कुठं मिळंल?" तो फोटो आज त्यांच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालच्या अंगाला आहे. चौकट ओळंब्यानं बघून लावलेली.

त्यानंतर दोन वर्षं त्या दोघींना देशात कुणी हरवलं नाही. परदेशातही एकदा जाऊन आल्या. तिथं चारही सामने हरल्या, पण त्या वाळूबद्दल मनकर्णा अजून बोलते. पिठासारखी पांढरी, भर उन्हातही गार राहणारी. तिनं मूठभर ओढणीत बांधून आणली आणि आईच्या हातावर ठेवली. विमलबाईनं चिमटीत घेऊन बघितली. "हिच्यात काय उगवायचं न्हाई," ती म्हणाली.

मग दिशाला रेल्वेत नोकरी लागली. नोकरी खेळाडू म्हणूनच, तेव्हा खेळायचं ते रेल्वेकडून आणि रेल्वेतल्या जोडीदारणीबरोबर. त्याच वर्षी मनकर्णाला टपाल खात्यात जागा मिळाली. नाही म्हणावं असं दोघींच्याही घरी काही नव्हतं. नगरच्या स्टेशनवर निरोप देताना एरवी अखंड बोलणारी दिशा एक अक्षर बोलली नाही, आणि मनकर्णाच बोलत राहिली, काहीबाही, गाडी हलेपर्यंत.

मनकर्णाला नवी जोडीदारीण मिळाली. जया. टपाल खात्यातलीच, चार वर्षांनी लहान, मेहनती. दोन वर्षांनी अंतिम सामन्यात जाळीच्या पलीकडं दिशा उभी होती.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आरशासमोर उभं राहिल्यासारखं. पण आरशातलं माणूस आपल्या मनाप्रमाणं हलत नव्हतं."

दिशाची एक खोड होती. ती जोरात मारायचं सोडून बोटं मुडपून चेंडू हलकेच पुढं टाकणार असली, की त्याआधी तिचा डावा हात कानाच्या पाळीला लागायचा. दिशाला स्वतःला हे माहीत नव्हतं. मनकर्णाला माहीत होतं. तिनं ते जयाला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. "ते आमच्या घरातलं होतं," ती म्हणाली.

तिसरा डाव, तेरा-चौदा, दिशाच्या बाजूचा सामना-गुण. चेंडू वर चढला, दिशा धावत आली, आणि तिचा हात कानाला गेला. मनकर्णा निघाली. चेंडू बोटांवरून सुटायच्या आधीच ती पुढं झेपावली होती. वाळूवर सपाट पडून तिनं तो मनगटावर उचलला. दिशाचं तोंड उघडंच राहिलं. जयानं चेंडू चढवला, मनकर्णा उठली, उडाली आणि मारला. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर तिथंच थांबला, आणि मनकर्णाच्याच बाजूला खाली पडला.

हरल्याचं तिला फार लागलं. तिनं ते लपवलं नाही. जेवायलाही गेली नाही, किनाऱ्यावर एका उलट्या टाकलेल्या होडीला टेकून बसून राहिली. थोड्या वेळानं दिशा दहीभाताचा डबा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"तुला कसं कळलं गं? मी टाकणार म्हणून?"

"कळलं."

"सांग ना."

"न्हाई सांगणार. पुढच्या वेळी लागंल मला."

दिशा हसली, डबा उघडून तिच्यापुढं धरला. एकाच चमच्यानं दोघींनी भात खाल्ला. समोर भरती चढत होती. पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं तरी दोघी उठल्या नाहीत.

पुढची वेळ आली नाही. त्याच हिवाळ्यात मनकर्णाचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, चालणं सुधारलं, पण उडी गेली. सहा महिने ती स्वप्नात खेळत होती. स्वप्नात गुडघा शाबूत असायचा. जाग आली की आधी हात गुडघ्याकडं जायचा. हळूहळू ती स्वप्नं विरळ झाली. अजूनही वर्षातून एकदा-दोनदा पडतं, ती म्हणते, आणि त्या दिवशी कचेरीत शिक्के फार हलके पडतात.

आता ती केडगावला राहते. नवरा हर्षल एका कारखान्यात फिटर आहे. तिला खेळताना त्यानं कधी पाहिलं नाही, पण तिच्या सामन्यांचे आकडे त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ. दोन वर्षांपूर्वी केडगावच्या एका शाळेनं पाठीमागची पडीक जागा तिला वापरायला दिली. नदीची वाळू मिळेना, म्हणून दगड भरडून केलेली वाळू आली. ती टोकदार, पायाला बोचणारी. मनकर्णानं बांधकामावरची मोठी चाळणी आणली. दर रविवारी सकाळी ती आणि अकरा मुली वाळू चाळतात. जाड खडा बाजूला, बारीक वाळू मैदानात. अजून निम्मं मैदान व्हायचं आहे.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. चाळणीच्या दोन बाजूंना दोन मुली, वाळूचा बारीक धुरळा उन्हात सोनेरी होऊन उडत होता. सगळ्यांचे केस पांढरे झालेले. ज्ञानेश्वरी नावाच्या एका मुलीनं अंगठा वाळूत फिरवून बघितला आणि विचारलं, "मॅडम, समुद्रावरची वाळू अशीच असते का?"

मनकर्णा चाळणीवरचे खडे टोपल्यात ओतत होती. "नाही. ती ओली असते. पाय ठेवला की पायाभोवती कोरडी पडते, उचलला की पुन्हा ओली होते."

"म्हणजे कशी?"

ज्ञानेश्वरीनं दोन्ही पायांतल्या चपला काढल्या आणि चाळून झालेल्या अर्ध्या मैदानावर जाऊन उभी राहिली. मनकर्णानं टोपलं खाली ठेवलं, लंगडत तिच्यापाशी गेली आणि तिचा पाय घोट्याशी धरून त्या कोरड्या वाळूतच हळूहळू दाबत, पाणी पायाखालून कसं सरकतं ते दाखवू लागली.